त्रिकंटकात पूर कोणी आणला? : एका सामायिक खेळजगाच्या नियमांचा प्रकरण अभ्यास

टेबलाच्या मधोमध, कोणाचाही सहज हात पोचेल असं ठेवायचं म्हणून बनवलेलं फुलीचं कार्ड त्या शनिवारी फरसाणाच्या वाडग्याखाली गेलं होतं. माझं लक्ष गेलं तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. खेळ थांबून पंधरा मिनिटं झाली होती आणि पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलेली काजळी अजून बाहेर आली नव्हती.

काजळी हे तिच्या पात्राचं नाव. इथे सगळ्यांना पात्रांच्याच नावाने हाक मारणार आहे. खरी नावं द्यायची नाहीत असं ठरलंय, आणि तशीही ती आता मागे पडलीत. तांबटच्या आईनेसुद्धा एकदा मला फोन करून "तांबट जेवला का तिथे?" असं विचारलेलं आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. टेबलटॉप रोलप्लेइंगमध्ये एक जण जग चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात, आणि निकाल कुठेही झुकू शकेल अशा जागी फासा पडतो. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापून आलं आणि हा प्रकार रुजला. जग चालवणारा तो डंजन मास्टर, म्हणजे डीएम. आम्ही २०१४ची पाचवी आवृत्ती खेळतो. बोलणं मराठीत, नियमांचे शब्द इंग्रजीत, शिव्या संपूर्ण मराठीत.

आमच्यात वेगळं एवढंच की जग एक आणि टेबलं दोन. शनिवारी संध्याकाळी नाशिकच्या इंदिरानगरला माझ्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी गंगापूर रोडला माझ्या मावसबहिणीच्या गच्चीवरच्या खोलीत. ती ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, त्यामुळे तिला सगळे ताई म्हणतात. मी दादा. खेळाडू नऊ, डीएम दोन, नकाशा एक. रविवारच्या टोळीने पूल तोडला की शनिवारच्या टोळीला तो तुटलेलाच सापडायचा. एकाच टेबलावर खेळताना गाव जळलं तर ते जळताना पाहणारे पाचही जण समोर बसलेले असतात. दोन टेबलं असली की कोणाला तरी नुसती राख सापडते.

जगाचं नाव त्रिकंटक. नाशिकची जुनी नावं सांगताना कृतयुगात पद्मनगर, त्रेतायुगात त्रिकंटक, द्वापारात जनस्थान असा क्रम सांगतात. जनस्थान पुरस्कारामुळे ते नाव सगळ्यांना माहीत असतं, त्रिकंटक मात्र रिकामं पडलं होतं, ते आम्ही उचललं. गावाच्या नावाच्या दोन व्युत्पत्ती लहानपणापासून ऐकलेल्या. एक शूर्पणखेच्या नाकाची, दुसरी नऊ शिखरांची. आम्ही नऊ जणांना नऊ टेकड्या वाटून दिल्या. आपापल्या टेकडीवर कोण राहतं, देऊळ कोणाचं, विहिरीला पाणी आहे का, रात्री कुत्री का भुंकतात, हे ज्याचं त्याने लिहायचं. मधून नदी. नदी कोणाला दिली नव्हती, आणि तेव्हा ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

आता नियमांकडे. आम्ही बेफिकीर होतो असं कोणी समजू नये. खेळ सुरू व्हायच्या आधी रीतसर सेशन झीरो, म्हणजे काय चालेल-काय नाही हे ठरवायची बैठक, घेतलं होतं. रॉन एडवर्ड्सची 'लाइन्स अँड व्हेल्स' ही कल्पना वापरली होती, म्हणजे रेघा आणि पडदे. रेघेपलीकडचं जगात घडतच नाही. पडद्यामागचं घडतं, पण त्याचं वर्णन होत नाही. जॉन स्टाव्रोपोलसने काढलेलं एक्स-कार्डही होतं, तेच ते फुलीचं कार्ड. कोणी त्याला हात लावला की चालू प्रसंग तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. शिवाय मी स्वतः एकतीस कलमांचा एक दस्तऐवज लिहिला होता. लैंगिक हिंसा नाही, लहान मुलांचे हाल नाहीत, जातिवाचक शिव्या नाहीत, मोबाईल सायलेंटवर, चहाचे पैसे आळीपाळीने. तो कोणी वाचला होता हे मला नक्की सांगता येईल : मी आणि ओझेबुवा. ओझेबुवा हे महसूल खात्यातून निवृत्त झालेले काका. आयुष्यभर कागद वाचून झाल्यावरही ज्यांची भूक जात नाही अशांतले.

घडलं ते असं. रविवारच्या टोळीसमोर वेताळसेना नदीपात्रात तळ ठोकून बसली होती. रुद्रट हा आमचा जादूगार. त्याचा खेळाडू सातपूरच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे आणि यंत्र कुठे मोडेल हे त्याला ते चालू व्हायच्या आधी दिसतं. त्याने तीन रविवार खर्चून वरच्या बांधाचा अभ्यास केला. चुन्याचा सांधा कुठे कच्चा, दगड कोणता काढला तर बाकीचे आपोआप बसतील, असलं सगळं. तांबटने मदत केली म्हणून ॲडव्हांटेज मिळाला, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा. एका फाशावर वीस यायची शक्यता पाच टक्के, दोन टाकले की पावणेदहा. आला. गच्चीवर एवढी आरडाओरड झाली की खालच्या मजल्यावरच्या आजी वर येऊन गेल्या. बांध फुटला, वेताळसेना वाहून गेली. ताईने वहीत लिहिलं : 'पूर आला. खालच्या तीन टेकड्यांच्या पायथ्याची वस्ती गेली.'

त्या तीनपैकी एक टेकडी काजळीची. पायथ्याशी तिने कुंभारआळी वसवली होती, सोळा घरांची, आणि त्यातल्या एका घरात तिच्या पात्राची आई.

ताईने मला रविवारी दुपारी फोन करून सांगितलं. मी काजळीला सांगितलं नाही. विसरलो नव्हतो. मला वाटलं, शनिवारी प्रत्यक्ष खेळताना कळलं तर परिणाम जास्त होईल. माझ्याकडे आठवडा होता आणि तो मी वर्णन घोटण्यात घालवला. गोदेच्या पुराची पातळी आपण दुतोंड्या मारुतीवर मोजतो, पाणी पायाशी की कमरेशी की छातीशी. ते मला त्रिकंटकात आणायचं होतं. मग मी नदीकाठी दोन तोंडांचा यक्ष उभा केला. शनिवारी दिवे थोडे मंद केले आणि सुरू केलं. यक्षाच्या पावलांना पाणी लागलं. मग गुडघ्यांना. कमरेला. मग कुंभारआळीतून मडकी तरंगत आली, काही उपडी, काही सुलटी, एकमेकांवर आपटत, तो पोकळ आवाज करत.

"तिथे माझी आई आहे," काजळी म्हणाली.

"फासा टाक, बघू," मी म्हणालो.

चार पडले. ती थोडा वेळ फाशाकडे बघत राहिली, मग तिने बोटाने तो फिरवून विसाची बाजू वर करून ठेवला आणि उठली.

दुसऱ्या दिवशी तिने फोनवर सांगितलं. २००८च्या पुरात ती पाचवीत होती आणि भांडी बाजारात त्यांचं दुकान होतं. पातेली आणि डबे रस्त्यावरून तरंगत जाताना तिने वरच्या मजल्यावरून पाहिले होते. मला हे ठाऊक नव्हतं, असण्याचं कारणही नव्हतं. ताबडतोब मी एकतिसाखाली बत्तिसावं कलम लिहिलं : 'पुराचं वर्णन नाही.' आणि आपण संवेदनशील माणूस आहोत असं वाटून घेऊन तिला पाठवलं. तिचं उत्तर आलं ते असं : "दादा, आता गोदाकाठच्या जगात पूरच येणार नाही का? पुराचं मला काही नाही. मडक्यांचं नको होतं, ते खरं. पण टेकडी माझी, आळी माझी, आई माझी, आणि मला कळलं कधी, तर तू फासा टाक म्हणालास तेव्हा."

तो मेसेज मी किती वेळा वाचला असेन. एकतीस कलमांतलं प्रत्येक कलम 'काय चालेल आणि काय नाही' याबद्दल होतं. ती विचारत होती ते वेगळंच : हे झालं असं कोणी ठरवलं? त्याला उत्तर देणारं एकही कलम आमच्याकडे नव्हतं. फुलीचं कार्ड फरसाणाखाली नसतं, समोर असतं, तरी तिने त्याला हात लावला नसता. कार्डाने प्रसंग थांबतो. वहीत लिहिलं गेलेलं पुसलं जात नाही.

मधले दहा दिवस व्हॉट्सॲपवर जे व्हायचं ते झालं. ते सांगण्यात अर्थ नाही.

मग ताईने सगळ्यांना एका रविवारी सकाळी पांडवलेण्यांवर बोलावलं. मला वाटलं, हवा खाऊन डोकी शांत होतील एवढाच हेतू असेल. तीन नंबरच्या लेण्याच्या व्हरांड्यात तिने आम्हाला भिंतीवरचा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा लेख दाखवला, त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षातला. भिक्षूंना दोनशे निवर्तनं (निवर्तन हे जमिनीचं जुनं माप) शेत दिल्याचा. हे शेत आधी उषवदाताकडे होतं, म्हणजे शक क्षत्रप नहपानाच्या जावयाकडे. ज्यांचा पाडाव केला त्यांच्याकडचं शेत दान दिलं जातंय. आणि देताना राजा त्या शेताला सवलती देतो त्या अशा : अपावेस, म्हणजे सरकारी माणसाने आत शिरायचं नाही. अनोमस, हात लावायचा नाही. अलोणखादक, मिठासाठी खणायचं नाही. मातीत मीठ सापडलं तर ते राजाचं असण्याच्या काळात हे मुद्दाम लिहावं लागत होतं.

"राजा स्वतःलाच बंदी घालून घेतोय," तांबट म्हणाला. तो एकोणीस वर्षांचा आहे, त्याला असलं पटकन दिसतं.

लगेच त्याच्या पाठोपाठ दुसरा लेख आहे, चोविसाव्या वर्षातला. त्यात म्हटलंय की आम्ही पूर्वी ककडी गावात भिक्षूंना शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्ती नाही, म्हणून त्याऐवजी इथल्याच शहराच्या हद्दीतल्या राजाच्या शेतातून शंभर निवर्तनं देतो. म्हणजे आधीचं दान फसलं होतं आणि ते भिंतीवर कबूल केलं गेलं, जुनं काही न खोडता, कारणासकट.

ओझेबुवा चष्मा पुसत होते. म्हणाले, "हा फेरफार आहे, दुसरं काय."

पुढचा अर्धा तास ते बोलले. मला वाटतं, आमचे नियम खरे तिथे तयार झाले, माझ्या घरी नंतर झालेल्या बैठकीत नाही. जमिनीच्या कारभारात बदल आधी गाव नमुना सहामध्ये, फेरफार नोंदवहीत उतरतो. मग संबंधितांना नोटीस जाते. हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. कोणी हरकत घेतली तर प्रकरण सहा-अ मध्ये, तक्रारींच्या नोंदवहीत जातं आणि त्यावर सुनावणी होते. नाही घेतली तर नोंद प्रमाणित होते, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर नाव बदलतं. जुनं नाव खोडत नाहीत, कंसात टाकतात. "तुमच्या त्या पुराची नोंद झाली आणि थेट सातबाऱ्यावर चढली," काका म्हणाले. "मधली नोटीस कोणी दिलीच नाही. ती काजळी बिचारी तलाठ्याकडे उतारा काढायला गेली आणि तिथे बघते तर घर दुसऱ्याच्या नावावर."

मी मान खाली घातली. कारण तो तलाठी मीच होतो.

पुढच्या शनिवारी माझ्याकडे सगळे नऊ आणि आम्ही दोघं बसलो. खेळ नाही, फक्त चिठ्ठ्या. गेल्या वर्षभरात जिथे जिथे कुरबुर झाली ते प्रसंग एकेका चिठ्ठीवर. चौदा निघाले. फरशीवर मांडून प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला : भांडण कशावरून होतं, 'काय झालं' यावरून की 'कोणी ठरवलं' यावरून? दोन चिठ्ठ्या 'काय' च्या बाजूला गेल्या. तीन वेळेच्या निघाल्या, म्हणजे शनिवारची पौर्णिमा आणि रविवारची पौर्णिमा जुळत नव्हती. त्यावर एक सामायिक तिथी ठरवून विषय मिटला. उरलेल्या नऊच्या नऊ 'कोणी ठरवलं' च्या होत्या. माझा एकतीस कलमांचा दस्तऐवज त्यांतल्या एकालाही लागू होत नव्हता.

त्यातून जे उभं राहिलं ते असं. आपापल्या टेकडीला 'अपावेस' आहे. बाहेरचा माणूस तिथे येऊ शकतो, चोरी करू शकतो, मारामारी करू शकतो, प्रेमात पडू शकतो. पण नाव दिलेलं माणूस मरणार नाही आणि घर पडणार नाही, जोपर्यंत टेकडीवाला 'हो' म्हणत नाही. टेकडीवाल्याला नुसतं 'नाही' म्हणता येत नाही. एक तर 'हो', नाही तर 'हो, पण असं', नाही तर 'आत्ता नको'. या एका वाक्यावर दोन तास वाद झाला. माझा आग्रह होता की 'नाही' म्हणता आलंच पाहिजे. ताई म्हणाली की मग नऊ किल्ले होतील, जग होणार नाही. ती बरोबर होती, आणि रामशेजच्या गावात वाढलेल्या माणसाला किल्ला लढवायचा मोह होणारच, हे तिने वर ऐकवलं.

जे एकापेक्षा जास्त टेकड्यांवर परिणाम करेल ते नदीचं. नदी कोणाची नाही. नदीला हात लावायचा तर दोन्ही डीएमनी आधी बोलायचं, ज्यांच्या टेकड्या खालच्या अंगाला आहेत त्यांना फासा पडायच्या आधी कळवायचं. साथीचा रोग, युद्ध, दुष्काळ, नाण्याचं मोल, सगळं यात येतं. रुद्रट म्हणाला, याने सगळी मजा जाईल. तसं झालं नाही, पण त्याच्या त्या बोलण्याकडे पुन्हा येतो.

घडलेलं खरं कधी, तर वहीत नोंद होऊन तीन दिवस हरकत आली नाही तर. सोमवारी नोंद, गुरुवारी रात्री बारापर्यंत मुदत. हरकत आली की ती वहीच्या मागच्या पानांवर, 'सहा-अ' मध्ये. व्हॉट्सॲपवर बोललेलं ते टपरीवरचं, त्याची नोंद नाही. जुनं खोडायचं नाही, कंसात टाकायचं, खाली नवीन लिहायचं, आणि कारण एका ओळीत.

जो तीन महिने येत नाही त्याची टेकडी गायरान होते. मग तिथे कोणीही लिहू शकतो. हा शब्दही काकांचाच. पिंगळ्याचा खेळाडू नोकरीसाठी पुण्याला गेला आणि त्याची टेकडी पहिली गायरान झाली. रविवारवाल्यांनी तिथे लगेच मिसळीचं दुकान काढलं. काल्पनिक जगात मिरची कुठून आली यावर अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

फुलीचं कार्ड आम्ही काढून टाकलं. याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण ते साधन वाईट नाही, कित्येकांना उपयोगी पडलेलं आहे. आमच्याकडे ते चाललं नाही, कारण ते उचलणं म्हणजे आपल्या लोकांना तक्रार केल्यासारखं वाटायचं. दीड वर्षात एकदाही कोणी हात लावला नाही, आणि मी ते यश समजत होतो. तांबट म्हणाला, आपण सोसायटीत खेळताना 'टाइमप्लीज' म्हणायचो, तेव्हा कोणी कारण विचारायचं का? बुटाची लेस सुटली असो, रडू आलेलं असो की शू लागलेली असो. तेवढंच ठेवलं. पहिल्याच महिन्यात चारदा वापरलं गेलं, त्यातलं एकदा मीच, खऱ्याखुऱ्या पाठदुखीसाठी. तो शब्द एकदा पाठदुखीला चालला की बाकी कशालाही चालतो. त्याच ओघात नव्या खेळाडूला पहिली तीन सेशन्स 'कच्चं लिंबू' ठरवलं, त्याच्या चुका वहीत जात नाहीत. आणि भोज्या म्हणून एक जागा ठेवली जिथे कोणी कोणावर शस्त्र उचलत नाही. जुन्या नाशकातल्या रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जमिनीतले हौद, रंगपंचमी सोडून वर्षभर बुजवलेल्या असतात आणि त्यांच्यावरून गाड्या जातात. आमचा भोज्या अशाच एका झाकलेल्या रहाडीवर आहे.

मग पुराचं काय झालं? ताई आणि मी मिळून काजळीला विचारलं : 'हो', 'हो पण असं', की 'आत्ता नको'? तिने चार दिवस घेतले. गुरुवारी रात्री वहीत तिच्या अक्षरात ओळ आली. मूळ नोंद कंसात, खाली : 'पूर आला. कुंभारआळी रिकामी होती. यक्षाच्या घोट्याला पाणी लागताच काजळीच्या आईने घंटा वाजवली आणि सोळा घरं रात्रीच वर चढली. मडकी गेली.' मडकी तिने स्वतः लिहिली. मी विचारलं नाही का, तिने सांगितलंही नाही. तेव्हापासून त्रिकंटकात यक्षाच्या पायाशी घंटावाली बसते, आणि तिला विचारल्याशिवाय कोणतीही टोळी नदी ओलांडत नाही.

हे छान झालं. पण रुद्रटचं काय? प्रकरणाचा हा भाग मला सगळ्यात जास्त टोचतो. तो बैठकीत शेवटी पुन्हा बोलला. "मी तीन रविवार त्या बांधावर घालवले. तुमच्या नियमांत बसून फासा टाकला. वीस पडले. नियम नंतर आले, आणि माझे वीस कंसात गेले." त्याने कोणाचं घर बुडवायचं ठरवलंच नव्हतं. पायथ्याला काजळीची आळी आहे हे त्याला माहीतही नव्हतं, कारण शनिवारचा नकाशा रविवारला मीच वेळेवर दिला नव्हता. चूक दोन्ही डीएमची, त्यातही जास्त माझी, आणि वजा झाला त्याचा पराक्रम. आम्ही त्याची माफी मागितली. वेताळसेना वाहून गेली ते तसंच ठेवलं, बांध फोडणारा म्हणून त्याचं नाव वहीत आहे. पण जे नियम घटनेनंतर केले ते त्याच घटनेला लावले, हे काही बदललं नाही. आज पुन्हा करायचं झालं तर काजळीची ओळ मी घेतलीच असती, पण आधी ती रुद्रटला दाखवली असती आणि त्यालाही तेच तीन पर्याय दिले असते. नोटीस द्यायचा नियम करणाऱ्यांनी त्याला नोटीस दिली नाही. तो पुढच्या रविवारी आला नाही, त्यानंतरच्याही नाही.

दुसरी गोष्ट अजून उघडीच आहे. ताईच्या मनात बंद देवळाचं एक कथानक होतं. काही लोकांना प्रवेश नाकारलेलं देऊळ, आणि खेळाडूंनी ते उघडायचं. नाशकात राहून असलं काही लिहायला बसलं की २ मार्च १९३० आठवणारच, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा काळाराम मंदिराचा सत्याग्रह. तिचा हेतू चांगला होता. देऊळ रानवाच्या टेकडीवर येत होतं, म्हणून नियमाप्रमाणे तिने त्याला विचारलं. रानवाचे पणजोबा त्या सत्याग्रहात होते. तो म्हणाला, "तुम्ही चार फाशांत दार उघडाल. तिथे वर्षानुवर्षं सत्याग्रह करूनही उघडलं नव्हतं." आम्ही म्हटलं, टेकडी तुझी आहे, तूच ठरव कसं करायचं ते. त्यावर तो हसला. "म्हणजे हेही आता मीच सांभाळायचं का?"

आमच्याकडे याला उत्तर नाही. 'कोणी ठरवलं' हा प्रश्न विचारून नऊ भांडणं सुटली, आणि इथे तोच प्रश्न एका माणसाच्या खांद्यावर ओझं टाकून मोकळा झाला. नियम करायचा प्रयत्न आम्ही सोडला. नकाशावर ते देऊळ आहे, दार बंद आहे, आणि तिथे कोणी काही लिहीत नाही. कधीतरी रानवा लिहील, किंवा दुसरं कोणी त्याच्याशी नीट बोलून लिहील, किंवा ते तसंच राहील.

या सगळ्याला सात महिने झाले. वहीच्या नोंदी भराभर वाढल्या, हरकती पाच आल्या, पाचही आठवडाभरात निकाली निघाल्या. एकतीस कलमांचा दस्तऐवज मी मिटवला नाही, कंसात टाकलाय. टेबलावरचं सगळं मिळून आता एका पानात बसतं आणि ते पान ओझेबुवांच्या अक्षरात आहे, त्यामुळे वाचायला थोडा त्रास होतो.

गेल्या सोमवारी एक नोंद मलाच करावी लागली. रुद्रटने निरोप पाठवला होता की कारखान्यात शिफ्ट बदलली, बघतो जमेल तसं. ते जमलं नव्हतं. काकांनी दोनदा मुदत वाढवून दिली होती, तीही संपली. 'तीन महिने अनुपस्थित. टेकडी गायरान करण्याची नोटीस.' वहीच्या पानाचा फोटो त्याला पाठवला. निळ्या टिका दिसल्या, उत्तर नाही. रविवारवाल्यांनी तिथे काय बांधायचं याचे बेत सुरूही केले होते, तांबटला भट्टी हवी होती.

गुरुवारी रात्री अकरा वाजून पन्नास मिनिटांनी फोन वाजला. एकच शब्द होता : "हरकत."

ओझेबुवांना मी तेव्हाच फोन केला. ते जागेच होते. म्हणाले, "मागच्या पानावर घे. वेळ टाक. आणि सुनावणीची तारीख रविवारची दे, सकाळची, त्याची शिफ्ट बघून."